एबोली आणि वडसा

वेग ही वस्तू मोठी मोहक आहे, आणि मोहक वस्तूंविषयी विचार करिताना मनुष्याचा तोल सुटतो, हा सार्वत्रिक अनुभव होय. अतिजलद रेल्वेविषयी आपल्याकडे गेली काही वर्षे जे बोलले व लिहिले जात आहे ते वाचताना हाच अनुभव पुनः पुनः येतो. एका पक्षाच्या लेखी ताशी ३२० किलोमीटर हा आकडा म्हणजेच युक्तिवाद. त्यापुढे काही सांगण्याची गरज त्यास वाटत नाही. दुसऱ्या पक्षाच्या लेखी 'गरिबांच्या देशात' एवढे शब्द उच्चारले की वाद संपला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्यांश आहे व दोघांनीही तो तपासून पाहण्याचा आळस केला आहे. या दोन्ही पक्षांचे परीक्षण करावे, आणि ते मुंबईत वा दिल्लीत बसून न करिता गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा या तालुक्याच्या गावी उभे राहून करावे, असा आमचा विचार आहे. रेल्वेचे खरे मोल स्टेशनाशेजारी राहणाऱ्यापेक्षा स्टेशनापासून लांब राहणाऱ्यास अधिक नेमके ठाऊक असते, हे त्याचे कारण.

प्रश्न असा की, मध्यम आकाराच्या देशाने अतिजलद रेल्वे बांधावी किंवा कसे? आपले राष्ट्र खंडप्राय आहे, तेव्हा हा प्रश्न आपणास लागू नाही असे कोणी म्हणेल. परंतु महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. संबंध इटली देश याहून किंचित लहान भरतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची वस्ती ११ कोटी २४ लाख निघाली. इटलीची सहा कोटींच्या आतबाहेर असते. म्हणजे हे एक राज्यच एका मध्यम देशाएवढे आहे, आणि अशा देशाने आपला पैसा, आपली जमीन व आपल्या कारभाऱ्यांचे लक्ष कोठे आधी घालावे, हा प्रश्न महाराष्ट्रापुढे अगदी प्रत्यक्ष उभा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मुंबई–अहमदाबाद अतिजलद रेल्वेचा शिलान्यास १४ सप्टेंबर २०१७ रोजी अहमदाबादेस भारताचे व जपानचे पंतप्रधान यांच्या हस्ते झाला. मार्गाची लांबी ५०८ किलोमीटर, स्थानके बारा. त्यांपैकी महाराष्ट्रात मुंबई, ठाणे, विरार व बोईसर अशी चार. मूळ अंदाज १,०८,००० कोटी रुपयांचा होता व पुढे तो वाढला. यांतील सुमारे ८१ टक्के रक्कम जपानने ०.१ टक्का व्याजाने, पन्नास वर्षांच्या मुदतीने व पहिली पंधरा वर्षे मुद्दल न मागण्याच्या बोलीवर देऊ केली. उरलेल्या भांडवलात महाराष्ट्राचा वाटा ५,००० कोटींचा ठरला. डिसेंबर २०२३ ही काम पुरे होण्याची मुदत होती. ती उलटली तेव्हा गाडी धावली नव्हती. मुंबई व अहमदाबाद यांमधील अंतर वंदे भारत गाडीने साडेपाच तासांच्या आसपास कापले जाते. नव्या मार्गावर, थोडीच स्थानके घेणाऱ्या गाडीस, त्यास दोन तास सात मिनिटे लागावीत अशी योजना आहे.

या योजनेच्या कैवाऱ्यांचा पक्ष आपण त्यांच्याहूनही नीट मांडला पाहिजे, नाही तर टीकेला अर्थ नाही. त्यांचा बळकट मुद्दा वेगाचा नसून जागेचा आहे. एकाच रुळावर मालगाडी, साधी गाडी व जलद गाडी अशा तिन्ही धावू लागल्या म्हणजे जलद गाडीस वाट देण्यासाठी इतर दोघींना आडमार्गावर उभे राहावे लागते, आणि संबंध मार्गाची वाहण्याची शक्ती खालावते. वेगळ्या गतीच्या गाड्यांस वेगळा रूळ दिला की जुना मार्ग मोकळा होतो व त्यावर साध्या गाड्या वाढविता येतात. जपानचे उदाहरण हेच सांगते. १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ते ओसाका हा ५१५ किलोमीटरांचा मार्ग सुरू झाला, तो हौस म्हणून नव्हे. तेथील जुना तोकाइदो मार्ग अरुंद रुळांचा होता, त्यावर वाहतुकीचा अतोनात ताण पडला होता, आणि दुसरा मार्ग घालणे भागच होते. जपाननेही त्या कामासाठी जागतिक बँकेकडून आठ कोटी डॉलरांचे कर्ज काढले होते. तेव्हा परक्याचे कर्ज काढून रेल्वे बांधली एवढ्यावरून कोणास दोष देता येत नाही.

परंतु जपानच्या या गोष्टीचा एक पूर्वार्ध आहे व तो सांगण्याचे बहुधा राहून जाते. १९६४ साली जेव्हा तो वेगवान मार्ग उघडला, तेव्हा जपानच्या डोंगराळ खोऱ्यांतूनसुद्धा साधी, हळू चालणारी, अरुंद रुळांची आगगाडी कित्येक वर्षे पोचलेली होती. नवी गाडी ही त्या जाळ्याच्या माथ्यावर चढविलेली होती. ओसाकास उतरणाऱ्या मनुष्यास पुढे आपल्या गावी नेणारी दुसरी गाडी फलाटावर उभी असे. जेथे खालचे मजले उभे आहेत तेथे वरचा मजला चढविणे व जेथे खालचे मजले नाहीत तेथे तो अधांतरी टांगणे, या दोन कृती बाहेरून सारख्या दिसल्या तरी एक नव्हेत.

आता विरोधकांचा पक्ष घेऊ. 'गरीब देशाला हे कशाला' हा त्यांचा नेहमीचा आक्षेप आम्हांस मान्य नाही. हाच आक्षेप १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे या ३४ किलोमीटरांच्या मार्गावर घेता आला असता, व तो मान्य झाला असता तर १८६७ साली रेल्वे नागपुरास पोचलीच नसती. गांधीजींनी १९०९ मध्ये 'हिंद स्वराज्य' लिहिताना रेल्वेवर जो हल्ला चढविला, तिच्यामुळे रोग पसरतात व दुष्काळ वाढतात असे जे म्हटले, त्यामागील नैतिक चिंता खरी होती. परंतु आजारी मनुष्याला घेऊन नागपूरची वाट धरणाऱ्या कुरखेड्याच्या कुटुंबास तो उपदेश करण्याचे धैर्य आमच्या अंगी नाही.

महाराष्ट्रातील जुन्या अर्थचिंतकांनी घेतलेला आक्षेप मात्र आजही टवटवीत आहे. पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्यांनी रेल्वेच्या विस्तारावर टीका केली, ती आगगाडी नको म्हणून नव्हे. १८४९ च्या कराराने ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीस पाच टक्के व्याजाची हमी मिळाली होती. मार्ग चालो वा न चालो, तूट येथील करदात्याने भरावयाची. जेथे नुकसानीची भीती नाही तेथे काटकसरीचीही गरज उरत नाही. शिवाय रूळ कोठून कोठे जावा हे बंदराच्या व मालाच्या सोयीने ठरे, येथील रयतेच्या सोयीने नव्हे. पाटबंधारे मागे पडत व लोहमार्ग पुढे जात. रेल्वे कोणाच्या अटींवर येते, कोणासाठी येते, व तिच्यामुळे कोणते काम मागे पडते, हे तीन प्रश्न त्या पिढीने विचारावयास शिकविले. ०.१ टक्का व्याज पाच टक्क्यांहून फार सौम्य खरे. पण कर्ज येनमध्ये फेडावयाचे आहे व पन्नास वर्षांत रुपयाची किंमत काय राहील याची हमी या वेळी कोणी दिलेली नाही. तेव्हा तेच तीन प्रश्न पुनः विचारणे हा उपमर्द नव्हे. तो आपला वारसा आहे.

आता कुरखेड्यास येऊ. सती नदीच्या काठचे हे गाव वडशापासून तीसेक किलोमीटरांवर आहे. वडसा, म्हणजे सरकारी कागदावरील देसाईगंज, हे गोंदिया–नागभीड–चांदाफोर्ट–बल्लारशाह मार्गावरील स्टेशन. विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकांत बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग अरुंद रुळांचा म्हणून घातला व त्याच शतकाच्या अखेरच्या दशकात तो रुंद झाला. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा जन्मास आला, त्या वेळी त्याच्या वाट्यास या मार्गाचा वीस किलोमीटरांहूनही लहान असा एक तुकडा आला. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, २०११ ची वस्ती १० लाख ७२ हजार. आणि जिल्हा होऊन चाळीस वर्षे लोटली तेव्हाही त्यात रेल्वे होती ती एवढीच. जिल्ह्याच्या मुख्य गावी रूळ नव्हता.

वडशाहून आरमोरीवरून गडचिरोलीस जाणारा सुमारे ५२ किलोमीटरांचा मार्ग २०११-१२ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर झाला. निम्मा खर्च केंद्राने व निम्मा राज्याने सोसावयाचा, असे ठरले. पुढे जमीन, वनखात्याची संमती व निधी या तीन देवतांच्या प्रदक्षिणा सुरू झाल्या. खर्चाचा अंदाज १,८०० कोटींच्या वर गेला, आणि २०२५ साल उजाडले तरी त्या मार्गावर उतारूंची गाडी धावली नव्हती. हिशेब करून पाहावा : अतिजलद मार्गाच्या मूळ अंदाजाप्रमाणे एका किलोमीटरास सुमारे २१२ कोटी रुपये पडतात. म्हणजे ५०८ किलोमीटरांपैकी अवघ्या नऊ किलोमीटरांच्या किमतीत एका जिल्ह्याचे मुख्य गाव देशाच्या रेल्वेस जोडले जाते.

या प्रदेशात वाट ही नुसती सोय नसते, हे दूरच्या वाचकांच्या ध्यानात आणून दिले पाहिजे. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेडा येथे माओवाद्यांच्या भूसुरुंगस्फोटात पंधरा पोलीस जवान व त्यांच्या गाडीचा चालक असे सोळा जण मृत्युमुखी पडले. आदल्याच रात्री त्याच तालुक्यात दादापूर येथे रस्त्याच्या कामावरील वाहने जाळण्यात आली होती. जेथे रस्ता होण्याचीच कोणास भीती वाटते, व जेथे तो व्हावा म्हणून माणसे जिवास मुकतात, तेथे दळणवळण हा शब्द वर्तमानपत्री राहात नाही.

आणि तरीही येथील माणूस स्थिर बसलेला नाही. धान निघाल्यावर मिरची तोडावयास तेलंगणात जाणारी मजुरांची कुटुंबे, शिक्षणाकरिता ब्रह्मपुरी-नागपूर गाठणारी मुले, दुखणेकरी व त्यांचे सोबती, हे सारे वर्षभर वाटेवरच असतात. झाडीपट्टीची रंगभूमी तर रात्रीच्या प्रवासावरच जगते. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, नाटक रात्री उशिरा उभे राहते, पहाटेस संपते, आणि नट मंडळी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी. या नाटकमंडळ्यांचे मुख्य ठाणे वडसा आहे. जेथे स्टेशन व बाजार तेथे ते असावे हा निव्वळ योगायोग नसावा. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचे नाव दिल्लीस पोचले. नावास पोचण्यासाठी रूळ लागत नाहीत, माणसांस लागतात.

येथे आम्हांस एका इटालियन पुस्तकाचे स्मरण होते. कार्लो लेव्ही हा तुरीनचा वैद्यकी शिकलेला चित्रकार. मुसोलिनीच्या राजवटीने १९३५-३६ साली त्यास दक्षिणेकडील लुकानिया प्रांतात स्थानबद्ध करून ठेविले. तेथील अनुभवांवर त्याने लिहिलेले 'ख्रिस्त एबोलीसच थांबला' हे पुस्तक १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. नावात जी उक्ती आहे ती तेथील शेतकऱ्यांची. एबोली हे असे ठिकाण की जेथे रस्ता व लोहमार्ग समुद्रकाठ सोडून आतल्या उजाड मुलखात वळतात. ख्रिस्त, म्हणजे धर्म, राज्य, कायदा व माणसाला माणूस म्हणून ओळखणारी जी म्हणून काही व्यवस्था आहे ती, एबोलीपर्यंत आली व तेथेच थांबली. आमच्यापर्यंत आली नाही, असा तिचा भाव. ही तक्रार मागासलेपणाची नव्हे. आपल्याला मोजलेच गेले नाही याची आहे.

या पुस्तकानंतर इटलीने काय केले ते पाहण्यासारखे आहे. युद्धातून सावरलेला हा देश श्रीमंत झाला, आणि २००९ च्या अखेरीस तुरीनपासून मिलान, बोलोन्या, फ्लोरेन्स, रोम व नेपल्सवरून सालेर्नोपर्यंत ताशी तीनशे किलोमीटरांच्या गाड्या धावू लागल्या. मिलान ते रोम हा प्रवास तीन तासांवर आला व विमानांचे उतारू गाडीकडे वळले. हे यश आहे व ते मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. परंतु त्याच लुकानियातील मातेरा हे पुरातन नगर २०१९ साली युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून सजले, तेव्हा तेथे राष्ट्रीय रेल्वेची गाडी पोचत नव्हती. बारीहून येणारी अरुंद रुळांची प्रादेशिक गाडी तेवढी होती. राष्ट्रीय मार्गास जोडणारा फाटा कित्येक दशके अपुराच पडून होता. लेव्हीचे पुस्तक जगभर वाचले गेले, त्याची भाषांतरे झाली, आणि वेगवान गाडीदेखील एबोलीच्या अलीकडेच थांबली! कुरखेड्याच्या वाचकास हे पुस्तक परदेशी वाटणार नाही. त्याने एबोलीच्या जागी वडसा वाचावे.

यावर कोणी म्हणेल की, हा इटलीचा दोष, अतिजलद रेल्वेचा नव्हे. तेव्हा आणखी दोन देशांची साक्ष काढू. स्पेनने १९९२ मध्ये माद्रिद–सेव्हिल मार्ग उघडला आणि पुढील तीस वर्षांत चीनखालोखाल जगातील सर्वांत लांब अतिजलद जाळे विणले. २०२० साली तेथील स्वतंत्र वित्तीय प्राधिकरणाने या खर्चाची छाननी केली. १९९० ते २०१८ या काळात अतिजलद मार्गांवर सुमारे ५६ अब्ज युरो खर्ची पडले होते, आणि शहरांभोवतीच्या रोजच्या लोकल गाड्यांवर, ज्यांतून रेल्वेचे बहुसंख्य उतारू प्रवास करितात, सुमारे ३.६ अब्ज. तेरुएलसारख्या विरळ वस्तीच्या प्रांतातील लोकांना 'तेरुएलही अस्तित्वात आहे' अशा नावाची चळवळ काढावी लागली व २०१९ मध्ये त्यांनी संसदेत आपला एक प्रतिनिधी निवडून पाठविला. आपण आहोत एवढे सांगण्यासाठी पक्ष काढावा लागावा, ही कोणत्याही रेल्वे-खात्याला भूषणावह गोष्ट नव्हे.

स्वित्झर्लंडने याच्या उलट केले. तेथेही पूर्व-पश्चिम जाणाऱ्या अतिजलद मार्गाचा बेत निघाला होता. परंतु मोठी शहरे तेवढी जवळ येतील व मधला मुलूख तसाच राहील, असे लोकांस वाटले. बेत बदलला. ६ डिसेंबर १९८७ रोजी सार्वमताने 'रेल्वे २०००' ही योजना मंजूर झाली. तिचे सूत्र असे की, गाडी शक्य तितकी वेगाने नव्हे तर जरूर तितकी वेगाने चालावी. महत्त्वाच्या जंक्शनांत सर्व दिशांच्या गाड्या तासाच्या सुमारास येतात, उतारू अदलाबदल करितात, व थोड्याच मिनिटांत सर्व गाड्या सुटतात. यासाठी दोन जंक्शनांमधील प्रवास तासाहून किंचित कमी असला म्हणजे पुरे. झुरिक व बर्न यांमधील प्रवास त्या मर्यादेत बसावा म्हणून त्यांनी ४५ किलोमीटरांचा नवा जलद मार्ग बांधला व डिसेंबर २००४ मध्ये तो सुरू केला. त्याहून अधिक नाही. स्टेशनाबाहेर पिवळी टपाल-बस उभी असते व ती गाडी आल्याशिवाय सहसा हलत नाही. डोंगरातल्या खेड्यातील म्हातारीला तिच्या उंबऱ्यापासून राजधानीपर्यंत किती वेळ लागतो, हे तेथे वेगाचे माप धरले गेले.

यावरून आमचे मत काय ते उघड आहे. मध्यम देशाने अतिजलद रेल्वे बांधूच नये असे आम्ही म्हणत नाही. जेथे जुना मार्ग खरोखर भरून वाहतो, जेथे दोन्ही टोकांस व मधल्या प्रत्येक स्थानकास पुढे नेणाऱ्या गाड्या आहेत, तेथे तिची जागा आहे. परंतु तिचे माप ताशी किलोमीटर हे नसावे. देशातील सर्वांत लांबच्या तालुक्यातून निघालेला मनुष्य तिच्यामुळे किती लवकर पोचतो, हे असावे. या मापाने पाहता गाडीच्या वेगाहून गाडीच्या जोडणीला अधिक किंमत येते.

एक आक्षेप मात्र न्याय्य आहे. जपानचे कर्ज त्या गाडीसाठीच आहे. ती नाकारली असती तर तो पैसा वडशास आला असता असे नाही. हे आम्ही मान्य करितो. परंतु पैसा हीच एक दुर्मिळ वस्तू नाही. कारभाराचे लक्ष, निष्णात अभियंते, जमीन मिळविण्याचा नेट, मंत्र्यांच्या बैठका, या वस्तूही मोजक्याच असतात, आणि त्या झगमगाटाकडे वाहात जातात. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरांचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. बीडला पहिली गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी पोचली. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरांचा मार्ग २००८-०९ मधला. २०२४ मध्ये त्यावर वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली. या सर्व मार्गांस व्याजाने नव्हे, विलंबाने महाग केले. ज्या राज्यात तीस वर्षे बीड वाट पाहते, त्या राज्याने मुंबई–नागपूर अशा दुसऱ्या अतिजलद मार्गाच्या अभ्यासाकडे वळण्यापूर्वी हा हिशेब एकदा पुरा करावा, एवढेच मागणे.

येथवर लिहून थांबलो तर आम्हीही एका भाबड्या पक्षाचे ठरू. रूळ आला की कल्याण झाले, हे खरे नाही. चंद्रपूरच्या मुलखात रेल्वे प्रथम आली ती १८७० नंतरच्या दशकात, वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत, आणि ती आली वरोऱ्याच्या कोळशासाठी. आज गडचिरोलीत सुरजागडचे लोखंड आहे, व रुळाची ओढ माणसांपेक्षा खनिजाला अधिक असते. गोंदिया–बल्लारशाह या २४० किलोमीटरांच्या एकेरी मार्गाच्या दुपदरीकरणास एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने ४,८१९ कोटी रुपयांची मंजुरी दिली, ही आनंदाची गोष्ट. परंतु दुसऱ्या रुळावर मालगाड्याच वाढल्या आणि साध्या गाड्या होत्या तेवढ्याच राहिल्या तर वडशाच्या फलाटावरील उतारूस त्यातून काय मिळाले? शिवाय हा जिल्हा तीन-चतुर्थांशांहून अधिक जंगलाचा. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेला रानटी हत्तींचा कळप कुरखेडा-कोरचीच्या भागात वावरू लागला. २००९ मध्ये मेंढा-लेखा या गावास आपल्या १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले, आणि ग्रामसभेला विचारल्यावाचून वनातून वाट काढता येत नाही ही रीत या जिल्ह्याने देशास दाखविली. तिकडे पालघरातील तलासरी व डहाणू या आदिवासी तालुक्यांतून अतिजलद गाडी जाते पण थांबत नाही. जमीन द्यावयाची व वारा तेवढा अंगावर घ्यावयाचा, हा व्यवहार गडचिरोलीच्या वाट्यास येऊ नये.

म्हणून कुरखेड्याचे मागणे काय असावे ते आम्ही साध्या शब्दांत सांगतो. वडसा–गडचिरोली मार्ग तरी कुरखेड्यावरून जात नाहीच. कुरखेड्याचे स्टेशन वडसा हेच राहणार. तेव्हा पहिले मागणे रुळाचे नसून वेळापत्रकाचे आहे : वडशास थांबणाऱ्या प्रत्येक उतारू-गाडीला कुरखेडा व कोरचीकडील एस. टी. मिळावी, गाडीस उशीर झाला तर बस थांबावी, व दोहोंचे वेळापत्रक एका कागदावर छापलेले असावे. यास जपानचे कर्ज लागत नाही. दोन खात्यांच्या दोन अधिकाऱ्यांनी एका टेबलाशी बसणे लागते. दुसरे, दुपदरी झालेल्या मार्गावर साध्या गाड्यांचा वाटा आधी राखून ठेवावा, मग मालाचा. तिसरे, गडचिरोलीचा मार्ग ग्रामसभांना विचारून, हत्ती-वाघांच्या वाटा राखून, पण दिलेल्या तारखेस पुरा करावा. एवढे झाल्यावर राज्याला वेगाची जी हौस करावयाची ती त्याने खुशाल करावी. तिला विरोध करण्याचे कारण आम्हांस उरणार नाही.

देश किती पुढे गेला हे त्याच्या सर्वांत वेगवान गाडीवरून कळते, अशी एक समजूत आहे. आम्हांस वाटते, ते त्याच्या शेवटच्या स्टेशनावरून कळते. ते स्टेशन कोठे आहे, तेथे उतरलेल्या मनुष्यास पुढे जावयास काय मिळते, आणि रात्र पडण्यापूर्वी तो घरी पोचतो की नाही, यावरून. मुंबई–अहमदाबादची गाडी आज ना उद्या धावेल व लोक तिचे कौतुक करतील. ते कौतुक वाजवीही असेल. त्या दिवशी वडशास उतरून कुरखेड्याची बस शोधणाऱ्या मनुष्यास ती मिळाली, तर हा मध्यम देश खरोखर पुढे गेला असे आम्ही समजू.